पोचलं जी

भर दुपारी नागपूरचं ऊन रस्त्यावरच्या माणसाला डोळा उघडू देत नाही, अशा वेळी शालिकराम राऊत अंधारात बसलेला असे. पगारच त्याला त्याचा मिळे. महालातून इतवारीकडे जाताना एका जुन्या धर्मशाळेच्या माडीवर दातांचा धर्मादाय दवाखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला, गच्चीच्या जिन्याखाली, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी खोली. तिच्यात एक तांबडा दिवा, तीन तसराळी, एक गळका नळ आणि शालिकराम. दातांच्या एक्स-रेच्या फिल्मा धुवायच्या, हे त्याचं काम. एकोणीसशे त्रेसष्ट साली तो त्या खोलीत शिरला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि पुढची सोळा वर्षं त्याने सूर्य पाहिला तो फक्त जाता-येता.

बाहेर डॉक्टर पेशंटच्या तोंडात काड्यापेटीपेक्षाही लहान फिल्म धरून फोटो काढत आणि भिंतीतल्या छोट्या झडपेतून ती आत सरकवत. शालिकराम तिचा कागद सोलून तिला चिमट्याला लावी आणि पहिल्या तसराळ्यात बुडवी. किती वेळ बुडवायची ते बघायला त्याला घड्याळ दिलेलं होतं, पण अंधारात घड्याळ कोण बघतो. त्याने आपलंच एक माप काढलं होतं. तो कोराडीच्या पलीकडच्या खेड्यातून रोज बसने यायचा. फिल्म बुडवली की मनातल्या मनात ती बस सुरू करायची. कोराडी, महादुला, बोखारा, मानकापूर, छावणी, सदर. प्रत्येक ठिकाणी बस उभी करायची, टोपल्यांसकट बायामाणसं उतरू द्यायची, कंडक्टरने घंटी मारली की पुढे निघायचं. बस शेवटच्या थांब्याला, बर्डीला लागली की फिल्म वर काढायची. तोवर काळ्या पाण्यातून दात उगवलेला असे. आधी सावली, मग कड, मग दोन पाय पसरून हाडात उभी असलेली दाढ. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे व्हायचं, आणि प्रत्येक वेळी शालिकरामला वाटायचं की हे आपण आजच पाहिलं.

तसा तो जन्माचाच हरवलेला. लहानपणी बैल चारायला पाठवलं तर बैल दिवेलागणीला आपणहून घरी यायचे आणि हा मागाहून, कुणीतरी हाक मारून आणलेला. अशा माणसाला अंधारी खोली मानवली नसती तरच नवल. नळाचं पाणी टिपटिपत असे, फिल्म पक्की करायच्या हायपोचा आंबट वास नाकात भरलेला असे, आणि त्या तांबड्या उजेडात त्याला वाटे, आपण कुठल्याशा खोल विहिरीच्या तळाशी बसलो आहोत. वर कुठेतरी माणसं बोलत आहेत, हातगाड्या चालल्या आहेत, आणि खाली आपण आहोत आणि मुळं आहेत. त्याला तिथे बरं वाटे.

माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, मुळं राहत. एकदा इतवारीत भांड्यांच्या ओळीत तो बायकोसाठी पाणी भरायचा पितळेचा गुंड घ्यायला गेला. दुकानदार ताराचंद शेट हसला तेव्हा त्याच्या वरच्या सुळ्यावरची सोन्याची टोपी चमकली. शालिकराम गावचा माणूस भेटल्यासारखा पुढे झाला.

"शेटजी, याच्या मागची दाढ बरी हाय ना? तिचं एक मूळ कोयत्यावानी वाकडं हाय जी, जपा तिले."

शेटने गुंड पुढे केला आणि दुसरा हात तोंडावर धरला. त्यानंतर कितीतरी दिवस शालिकराम रस्त्यात दिसला की ताराचंद शेट ओठ घट्ट मिटून घेत असे.

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर दत्तोपंत सुभेदार. भोसल्यांच्या काळापासून महालात नांदलेलं घराणं, अंगात पांढरा कोट आणि कोटाखाली धोतर. त्यांनीच शालिकरामला पाणी भरण्याच्या कामावरून उचलून अंधाऱ्या खोलीत बसवलं. का म्हणून कुणी विचारलं तर म्हणत, "हा बोलत नाही, पण बघतो."

दत्तोपंतांचा ओढा दात काढण्यापेक्षा वाचवण्याकडे. दाताच्या मुळाच्या पोटात केसासारखी बारीक नळी असते. ती सडली की ते तिच्यात बारीक तारा घालून खरवडून, धुऊन ती साफ करत आणि रबरासारखा मसाला ठासून बुजवून टाकत. फिल्मवर तो मसाला पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. ती रेघ मुळाच्या टोकाशी, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी अलीकडे थांबली पाहिजे. पुढे गेली तर हाडाला टोचते. फार अलीकडे राहिली तर उरलेल्या रिकाम्या जागेत घाण साचते आणि महिन्याने म्हणा, वर्षाने म्हणा, दाढ पुन्हा ठणकू लागते. रेघेच्या मधे काळा ठिपका दिसला तर तिथे पोकळी राहिली असं समजायचं. शालिकरामला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा बाप चंपतराव पंचक्रोशीत विहिरींचा जाणकार होता. तो म्हणायचा, दोन हात कमी खनलेल्या विहिरीले विहीर नाई म्हनत, खड्डा म्हनतात. पाच-सहाशे फिल्मा हाताखालून गेल्यावर शालिकरामला एका नजरेत कळू लागलं की कुठली विहीर आणि कुठला खड्डा.

आता त्या दवाखान्यातला एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलं आहे. मसाला भरून झाला की शेवटचा फोटो निघे. फिल्म आत जाई, बस बर्डीला लागे, आणि बाहेरून दत्तोपंत खणखणीत आवाजात विचारत, "काय शालिकराम, पोचलं का?"

आतून उत्तर येई, "पोचलं जी."

जबडा वासून बसलेल्या माणसाचे खांदे तेव्हा कुठे खाली येत. हे उत्तर दत्तोपंतांनीच त्याला पहिल्या आठवड्यात नेमून दिलं होतं. "पेशंट आधीच भ्यालेला असतो. त्याच्या कानावर वाकडं काही पडायला नको. तू आपलं पोचलं म्हणायचं आणि फिल्म बाहेर द्यायची. पोचलं की नाही ते मी बघेन." मग ओली फिल्म झडपेतून बाहेर येई, दत्तोपंत ती खिडकीशी धरून डोळे बारीक करून बघत, आणि कमी भरलं असेल तर पेशंटला काही कळू न देता म्हणत, "जरा अजून थोडं बसा हं." शालिकरामचं 'पोचलं जी' म्हणजे देवळातली घंटा. येणाऱ्याने वाजवावी, देवाचं काम देवाने करावं.

वर्षं गेली. कोराडीला वीजघर आलं, धुराडी उभी राहिली, बसच्या खिडकीवर राखेची पूड बसू लागली. दत्तोपंतांचे केस पिकले. त्र्याहत्तरच्या सुमारास त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, पण ते त्यांनी घरातही सांगितलं नाही. बोटांना वाट पाठ होती. फिल्म ते अजूनही खिडकीशी धरत, पण तिच्यात त्यांना नुसतं धुकं दिसे. मग त्यांनी हळूहळू आतल्या आवाजावर विसंबायला सुरुवात केली. आता ते खरंच विचारत होते. शालिकरामला हे फार उशिरा कळलं. तो बिचारा आत घंटाच वाजवत राहिला.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात शालिकरामच्या बायकोची, पंचफुलेची, खालची उजवी दाढ दुखायला लागली. तिने लवंग दाबून पाहिली, मीठ-हळद लावून पाहिली, गावातल्या एकाने मंत्रून दिलेला दोराही गळ्यात बांधला. शेवटी शालिकराम तिला बसने घेऊन आला. दवाखान्यातली खुर्ची पाहून ती दारातच थबकली.

"मले नाई बसाचं याच्यात," ती म्हणाली. "तुमी कोठी राहता?"

त्याने भिंतीतली झडप दाखवली. "मी याच्या आतच राहीन. माहा आवाज येईन तुले."

मग ती बसली. तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला मसाला भरला आणि फिल्म आत आली. शालिकरामने त्या दिवशी बस जरा सावकाश चालवली. दाढ वर आली. मागच्या मुळातली रेघ नीट टोकाशी गेली होती. पुढच्या मुळातली मात्र अर्ध्यावरच संपली होती आणि त्याखाली सगळं काळं, रिकामं होतं.

"काय शालिकराम, पोचलं का?"

त्याने पाहिलं होतं. पाहूनही तोंडातून सवयीने निघून गेलं, "पोचलं जी." साहेब बघतीलच. फिल्म बाहेर गेली. 'जरा अजून थोडं बसा' हे ऐकायला तो झडपेला कान लावून उभा राहिला. बाहेर दत्तोपंत म्हणाले, "झालं बाई. आता सुखाने भाकर खा."

शालिकरामने झडप लावून घेतली. मग त्याने स्वतःची समजूत घातली. एवढ्या मोठ्या डॉक्टरने पाहून चालेल म्हटलं, म्हणजे चालत असेल. आपण कोण, पाणक्याचा झालेला फिल्म धुणारा. गरीब माणसाचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मोठ्यांच्या डोळ्यांवर विश्वास फार, आणि ही खोड कुठल्याच तसराळ्यात धुतली जात नाही. पुढे घरी पंचफुला जेवायला बसली की तो विचारी, "दुखते का वं?" ती म्हणे, "नाई." ती डाव्या बाजूनेच चावते हे त्याला दिसत होतं. पण नाही म्हटल्यावर पुढे काय विचारायचं हे त्याला सुचत नसे.

अठ्ठ्याहत्तर साली दत्तोपंत निवृत्त झाले आणि मुलाच्या नव्या घरी प्रताप नगरला राहायला गेले. तिथे एकदाचं त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात त्यांच्या जागी डॉ. चारुशीला आल्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, त्यांना गुरू मानणाऱ्या, तिशीही न गाठलेल्या. मोठ्या परीक्षेसाठी बाईंना प्रबंध लिहायचा होता आणि त्यांनी विषय घेतला तो असा की, या दवाखान्यात दातांच्या मुळांत भरलेला मसाला कितपत नीट भरला गेला. कपाटात सोळा वर्षांच्या फिल्मा पाकिटांत पडून होत्या. त्यांतल्या चारशे काढायच्या, नावावर पट्टी चिकटवून नुसता आकडा ठेवायचा, मागून दिवा लावलेल्या काचेवर ठेवून भिंगातून बघायचं. रेघ कुठपर्यंत गेली, मधे पोकळी आहे का, रेघ खाली नीट निमुळती होत गेली का, एवढं प्रत्येक फिल्मपुढे लिहायचं. आणि एकाचं बघणं पुरत नाही. दुसऱ्या कुणीतरी पहिल्याचं न वाचता त्याच फिल्मा बघायच्या आणि मग दोघांचं ताडून घ्यायचं. दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांना वेळ नव्हता.

"शालिकभाऊ, तुम्ही बघाल?" बाईंनी विचारलं.

"मी तं धुतो जी फक्त."

तरी बाईंनी त्याची पन्नास फिल्मांवर परीक्षा घेतली. अठ्ठेचाळीस जुळल्या. उरलेल्या दोन त्यांनी पुन्हा भिंगाखाली घेतल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि आपलं खोडून त्याचं लिहिलं.

मग महिनाभर रोज दुपारी शालिकराम उजेडाच्या काचेपुढे बसला. तो महिना त्याला स्वप्नासारखा गेला. सोळा वर्षांत ज्या मुळांना त्याने काळ्या पाण्यातून वर काढलं होतं ती सगळी एकामागून एक परत भेटायला येत होती. ही त्या खोकणाऱ्या मास्तरची, ही नवरीची, लग्नाला चार दिवस असताना सुजून आलेली. बाईंनी नावं झाकली होती खरी, पण चिठ्ठीवर सही नसली तरी अक्षरावरून माणूस कळतोच. दत्तोपंतांचा हात तर त्याला लांबूनही ओळखू येई. जुन्या फिल्मांमधली त्यांची रेघ टोकाशी जाताना अशी अलगद बारीक होत जाई की शालिकराम भिंग बाजूला ठेवून नुसता बघत बसे.

मग त्र्याहत्तरनंतरच्या फिल्मा लागल्या. पहिली कमी भरलेली निघाली तेव्हा त्याने ती पुन्हा पुसून काचेवर ठेवली. दुसरी निघाली. एका दुपारी ओळीने चार निघाल्या. हात तोच होता, रेघ तशीच सुबक, पण मधेच कुठेतरी थांबलेली. शालिकरामने चारही पुन्हा काचेवर ओळीने मांडल्या. दत्तोपंतांनी हे पाहिलं असतं तर एकाही पेशंटला खुर्चीतून उठू दिलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे त्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणजे बाहेरून रोज जो प्रश्न यायचा तो खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर देणारा माणूस त्या दवाखान्यात एकच होता.

तीनशे सतरा नंबरची फिल्म त्याने काचेवर ठेवली आणि लगेच ओळखली. मागचं मूळ भरलेलं, पुढचं अर्ध्यावर. त्याने वहीत लिहिलं, कमी. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेवटी बेरीज झाली. दत्तोपंतांच्या हातच्या एकसष्ट फिल्मा कमी भरलेल्या, आणि सगळ्या शेवटच्या पाच वर्षांतल्या. चारुशीलाबाईंनी दार लोटून घेतलं.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, शालिकभाऊ," त्या म्हणाल्या. "मी ही शेवटची वर्षं गाळून टाकते. बहात्तरपर्यंतच्या फिल्मांवरही प्रबंध होतो. सरांना या वयात हे दुःख कशाला द्यायचं?"

"मंग या एकसष्ट जनांचं काय जी?"

"लिहिलं तर त्यांना बोलवावं लागेल. पत्रं जातील, लोक विचारतील कुणी केलं. सरांचं नाव गावभर होईल." बाईंचे डोळे भरून आले होते. "तुम्ही म्हणाल तसं करू. दुसरं कुणी हे बघितलेलं नाही."

शालिकराम फिल्मा पाकिटांत परत भरू लागला. गाळा म्हटलं असतं तर साहेबांची अब्रू राहत होती, आणि खरं सांगायचं तर त्याचीही राहत होती. कुणीही त्याला विचारायला येणार नव्हतं की तू आतून काय म्हणालास. पुढचे दोन दिवस त्याची बस बर्डीला थांबलीच नाही. ती तशीच पुढे कुठेतरी निघून जाई, आणि भानावर येऊन तो फिल्म वर काढी तेव्हा ती काळीठिक्कर झालेली असे. सहा पेशंटांचे फोटो पुन्हा काढावे लागले. आणि रोज घरी गेल्यावर पंचफुला समोर बसून भाकरीचा घास डाव्या गालात ढकलत होती.

रविवारी सकाळी तो फिल्मचं एक पाकीट घेऊन प्रताप नगरला गेला. दत्तोपंत व्हरांड्यात आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. शालिकरामला पाहून त्यांना एवढा आनंद झाला की त्याला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"ये, ये. अरे, आता मला मुंगीचे पायसुद्धा दिसतात," ते म्हणाले.

शालिकरामने तीनशे सतरा नंबरची फिल्म त्यांच्या हातात दिली. जुन्या सवयीने त्यांनी ती उजेडाकडे धरली. बराच वेळ धरून राहिले.

"कुणी केलंय हे?"

"तुमीच जी. माह्या घरचीची दाढ हाय."

दत्तोपंतांनी फिल्म खाली घेतली. "तू तर पोचलं म्हणाला होतास."

"मी रोजच म्हनत होतो जी. तुमीच सांगतलं होतं तसं म्हनाचं म्हून."

"शालिकराम, मी खरंच विचारत होतो रे."

"मले काय मालूम जी. मले वाटलं तुमी पाहून राहिले."

"मला दिसत नव्हतं," दत्तोपंत म्हणाले. "आणि ते सांगायची लाज वाटली."

घरातून कुणीतरी चहा आणून ठेवला. दोघांनीही तो घेतला नाही. थोड्या वेळाने दत्तोपंतांनी विचारलं, अशा किती? शालिकरामने एकसष्ट सांगितलं, आणि बाईंचा प्रबंध, त्या गाळू पाहत होत्या ती वर्षं आणि लोकांना पाठवावी लागतील ती पत्रं, हेही सांगितलं. म्हाताऱ्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर पडला होता. शालिकरामला तो हातात घ्यावासा वाटला, पण तेवढी हिंमत झाली नाही.

"चारुशीलेला सांग, एकही गाळू नकोस. आणि लोकांना जी पत्रं जातील त्यांवर सही माझी. तिची नको. मी येऊन करतो." मग थांबून म्हणाले, "तुझं नाव कुठे येणार नाही. काळजी करू नको."

"आलं पायजे जी," शालिकराम म्हणाला. "आवाज तं माहाच होता."

तो घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. पंचफुला ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडत होती. तो तिच्याशेजारी बसला आणि सांगायचं होतं ते त्याने एका दमात सांगितलं: दाढ अर्धीच भरली आहे, पुन्हा उघडावी लागेल, उद्या दवाखान्यात यावं लागेल. तिने सूप थांबवलं नाही.

"भरल्यावर तिसऱ्या महिन्यापासूनच दुखून राहिली," ती म्हणाली. "थंड पानी लागलं का डोक्यापर्यंत जाते."

"मंग सांगतलं काहून नाई वं? मी रोज पुसत होतो."

"काय सांगू? डाक्टर म्हनला असता तं मी भांडली असती त्याच्यासंग. तुमी म्हनलं होतं आतून, पोचलं म्हून. मले वाटलं, यायनं डोयानं पायलं हाय, तं दुखनं माह्या मनातच असन." तिने सूप खाली ठेवलं. "दोनदा मी डोंगरीच्या देवीले नवस बोलली, का हे मनातलं दुखनं काढून टाक म्हून."

शालिकराम ऐकत होता. इथे गप्प बसला असता तरी चाललं असतं. डॉक्टरांना दिसत नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर सगळं डॉक्टरांवर गेलं असतं.

"मले तवाच दिसलं होतं," तो म्हणाला. "अर्ध्यावर हाय हे दिसलं होतं. तरी म्हनलं पोचलं."

पंचफुला त्याच्याकडे बघत राहिली. तिने आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. उठून आत गेली, चुलीत लाकूड सारलं, भांडी इकडची तिकडे केली. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सकाळी मात्र लुगडं नेसून त्याच्याआधी बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

चारुशीलाबाईंनी दाढ उघडली, जुना मसाला काढला. बघताना त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण दाढ वाचेल म्हणाल्या. पुढच्या मुळात त्यांनी बारीक तार उतरवली. ती टोकापर्यंत गेली की नाही ते आता फोटोतच दिसणार होतं. फोटो काढला, फिल्म झडपेकडे नेली, तेव्हा पंचफुलेने हात वर करून त्यांना थांबवलं. तोंडात तार असताना नीट बोलता येत नव्हतं, तरी ती एकेक शब्द सुटा करून बोलली.

"बाई, यायले आतून सांगू देऊ नका. धुऊन झाला का बाहेर या म्हना. माह्यापुढं उभं राहून सांगा म्हना."

शालिकराम झडपेआड उभा होता. त्याने सगळं ऐकलं. फिल्म बुडवली, महादुला, बोखारा, मानकापूर करत बस चालवली, आणि या खेपेला कुठल्याही थांब्यावर त्याचं मन उतरलं नाही. बर्डी आली. तो दार उघडून बाहेर आला. उजेडाने डोळे दिपले, ते थोडे निवू दिले आणि ओली फिल्म खिडकीशी धरली. तार जुन्या रेघेच्या कितीतरी पुढे गेली होती. टोक मात्र अजून दाण्याभर लांब होतं.

चारुशीलाबाई काही न विचारता थांबल्या. पंचफुला जबडा वासून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. फिल्मकडे तिने पाहिलंही नाही.

"राहिलं वं," शालिकराम तिला म्हणाला. "दान्याभर राहिलं अजून."

पंचफुलेने डोळे मिटले आणि तोंड आणखी थोडं उघडलं.